विटेला आलेला गुण

पोटावर बांधलेली ओली पट्टी सुटली, नाणेबाबांनी आतलं नाणं चिमट्यात धरून उंच केलं आणि सभागृहातली चारशे माणसं एकदम ओरडली. काळंकुट्ट नाणं हिरवं झालं होतं. त्यावर फिकट हिरवी भुकटी फुलून आली होती आणि पट्टीवरही तिचे डाग पडले होते.

"तीन दिवसांपूर्वी हे काळं होतं!" नाणेबाबा गरजले. "हा हिरवा रंग आला कुठून? या बाईंच्या पोटातून! तांबं म्हणजे सूर्य, सूर्य म्हणजे शक्ती, शक्ती म्हणजे चुंबक. आणि चुंबक काय करतं? ओढतं! रोग ओढून घेतला! आता पोट फाडून घ्यायची गरज आहे का?"

"नाही!"

"मला ऐकू आलं नाही!"

"नाही!"

त्या बाई म्हणजे माझी ताई. तिच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली होती. ताईने दुसऱ्याच दिवशी ती रद्द केली. मला यातलं काही कळू दिलं नाही, कारण मी नाक मुरडणार हे तिला माहीत होतं. भाऊजींकडून मला हे सगळं कळलं तेव्हा गाठ यकृतापर्यंत पोचली होती. आठ महिन्यांत ताई गेली.

तिचं सामान आवरताना भाऊजींनी ते नाणं माझ्या हातात ठेवलं. "तुला जुन्या नाण्यांतलं कळतं. बघ काय आहे ते. मला घरात नको."

मी घड्याळं दुरुस्त करतो. पोटासाठी घड्याळं, जिवासाठी नाणी. तीही सोन्याचांदीची नाहीत. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली, नखाएवढी कांस्याची नाणी, मातीत लडबडलेली, कुणी ढुंकूनही बघणार नाही अशी. महिना महिना पाण्यात भिजवायची, भिंगाखाली सुईने मातीचा एकेक कण काढायचा. मग कुठे सम्राटाचं नाक दिसतं, कुठे दोन अक्षरं. मागच्या बाजूला तळाशी टांकसाळीची खूण असते. ती लागली की सूचीत शोधून नाणं कुठलं, कधीचं, ते सांगता येतं.

ताईचं नाणं मी भिंगाखाली धरलं. हिरव्या भुकटीखालून पडलेला घोडेस्वार दिसला, त्याला भाला खुपसणारा सैनिक दिसला. आणि घोड्याच्या मानेवर एक तिरका ओरखडा. तो ओरखडा माझ्याच सुईचा होता. हात सटकला होता, म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या होत्या, हेही आठवलं.

"भाऊजी," मी म्हणालो, "हे नाणं माझं आहे."

"म्हणजे?"

म्हणजे असं. काही नाणी आजारी असतात. मातीतलं मीठ त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. कोरडी ठेवली तर निपचित पडून राहतात. ओल लागली की ते मीठ जागं होतं, धातू कुरतडतं आणि फिकट हिरवी भुकटी बाहेर टाकतं. असली नाणी आम्ही चांगल्या नाण्यांपासून लांब ठेवतो. दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या शर्टातला एक गोडबोल्या माणूस दुकानात आला होता. "प्रयोगशाळेला हवीत, आजारीच द्या," म्हणाला. मला आनंदच झाला. डबाभर नाणी मी फुकट देऊन टाकली.

भाऊजींनी नाणं माझ्या हातातून घेतलं आणि उलटून पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "तिचा रोग नाण्यात गेलाच नव्हता तर."

"नाही. नाणंच आजारी होतं."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. पोलिसांत जायचं? बाबा हात जोडून म्हणाले असते, मी कुठे कुणाला डॉक्टरकडे जाऊ नको म्हटलं? मला तो माणूस नुसता पकडला जायला नको होता. ज्या व्यासपीठावर माझी ताई बसली होती, तिथेच त्याची फजिती व्हायला हवी होती. चारशे माणसांसमोर. मी वाट पाहत बसलो.

चार महिन्यांनी बाबांचा तो पांढरा शर्ट आपल्या पायांनी दुकानात आला. जुनी नाणी झिजून भुगा झाली होती, नवी हवी होती.

"दोन महिन्यांनी या," मी चहा पाजून म्हणालो. "तुमच्यासाठी खास काढून ठेवतो."

ते दोन महिने मी डॉक्टर झालो. नाण्यांमागून नाणी औषधात भिजवली, मीठ काढलं, वाळवली, वरून डोळ्यांना दिसणार नाही असा लाखेचा हात दिला. आता तीन दिवसच काय, महिनाभर ओल्या फडक्यात ठेवली तरी ती हिरवी होणार नव्हती. त्यांच्यावर थोडी धूळ चोळून मी डबा त्याच्या स्वाधीन केला.

"हिरवी नाही दिसत कुठेच," तो म्हणाला.

"कोरडी आहेत म्हणून झोपली आहेत. ओल लागली की उठतील."

बाबांच्या पुढच्या सभेआधी भाऊजी रांगेत उभे राहिले आणि पट्टी भिजवायच्या सिद्धजलाची बाटली घेऊन आले. मी बोट बुडवून चाखलं. खारट! भुकटी लवकर यावी म्हणून त्यात मीठ घातलेलं होतं. माझ्याकडे उरलेलं एक आजारी नाणं मी त्याच पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलं आणि बांधलं एका विटेला. दुकानामागे पडलेली साधी वीट. तीन दिवस तिची सेवा केली.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. बाराजणांच्या पट्ट्या सुटायच्या होत्या. मी पिशवीत वीट घेऊन पहिल्या रांगेत बसलो. शेजारी भाऊजी, पलीकडे डॉक्टरीणबाई.

पहिली पट्टी सुटली. नाणं काळं.

दुसरी. काळं.

बाबांनी घाम पुसला. "आज हवेत अविश्वासाच्या लहरी आहेत," ते म्हणाले. मला हसू आवरेना. मला बाराही पट्ट्या बघायच्या होत्या. एकेक करून, सावकाश.

तिसरी शिंपीण होती, आमच्याच गल्लीतली. तिच्या छातीत गाठ होती. तिचं नाणंही काळं निघालं.

"तुझ्या मनात पाप आहे," बाबा तिच्यावर खेकसले. "म्हणून रोग तुला सोडत नाही."

तिने सुटलेली पट्टी पुन्हा छातीशी धरली. "मग मी मरणार का हो?" तिने विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

माझं हसू तिथेच संपलं. तिच्या छातीवर काळं नाणं मी बांधायला लावलं होतं. उरलेल्या नऊ पट्ट्या बघायची हौस राहिली नाही. मी उठलो आणि वीट घेऊन वर चढलो.

"बाबा, मीही एक रोगी आणलाय. तीन दिवस तुमचंच पाणी, तसंच नाणं." मी फडकं सोडलं. नाणं हिरवंगार होतं, विटेवरही हिरवा डाग. "विटेला गुण आला! आता सांगा, हिला कुठला रोग होता? पोटाचा की छातीचा?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग हशा पसरत गेला.

"हा जादूटोणा आहे!" बाबा ओरडले.

"मग हेच नाणं तुमच्या दंडाला बांधू? तुम्ही तर ठणठणीत आहात. तीन दिवस तुम्ही इथेच बसा, आम्हीही बसतो."

बाबा दोन पावलं मागे सरले. ते सगळ्यांनी पाहिलं.

"यावर सिद्धमंत्र कोरलाय, असं तुम्ही सांगता ना?" मी नाणं उंच धरलं. "रोमच्या सरकारची जाहिरात आहे ही. 'सुखाचे दिवस परत आले!' साडेसोळाशे वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना असंच सांगायचे." मग मी मीठ, ओल, भुकटी, सगळं समजावून सांगितलं. आधीची नाणी मीच दिली होती आणि आजची औषध लावून मीच काळी ठेवली होती, हेही सांगितलं. 

भाऊजी जागेवरूनच बोलले. "माझी बायको वर त्याच खुर्चीत बसली होती. ऑपरेशन केलं असतं तर बरीच आशा होती, असं या डॉक्टरीणबाई तेव्हाच सांगत होत्या."

बाबा मागच्या दाराने निघाले, पण दारात लोक उभे राहिले होते. पोलीस येईपर्यंत कुणी त्यांना हात लावला नाही. मला मात्र लावावासा वाटला, खोटं कशाला बोलू?

पांढऱ्या शर्टाने सगळं कबूल केलं. खटला चालू आहे. दर तारखेला मी दुकान बंद करून जातो आणि बाबांना मी दिसेन अशा जागी बसतो. मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही.

शिंपिणीचं ऑपरेशन झालं. बरी होऊन ती दुकानात आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल.

"त्याने मला फसवलं," ती म्हणाली, "पण तीन दिवस तुम्हीही फसवलंत. नाणं काळं निघालं तेव्हा मी मेलेच होते. मला आधी सांगावंसं नाही वाटलं?"

"सूड घ्यायचा होता," मी म्हणालो. "तुमचा विचारच केला नाही. चुकलं माझं."

ती खुर्चीवर बसली. "ते औषध लावलेलं नाणं आणि आजारी नाणं, दोन्ही द्या. आणि थोडं मीठ. मला स्वतः करून बघायचंय."

मी दोन्ही दिली. तुम्हालाही हेच सांगणं आहे. बाबांवर विश्वास ठेवू नका आणि केवळ मी सांगतो म्हणून माझ्यावरही ठेवू नका. दुखत असेल तर डॉक्टरकडे जा आणि चमत्कार दिसला तर आधी तो विटेवर करून बघा.