पायाचा दावा

शुद्धीवर आल्यावर सुताराने पहिला प्रश्न विचारला, "पाय कुठे टाकला?"

नर्सने सलाइनची नळी सारखी केली. खाटेशी उभा असलेला धाकटा भाऊ मात्र भिंतीवर मूठ आपटत राहिला, कातडी सोलून निघेपर्यंत.

त्याआधीच्या चार दिवसांत सुतार डॉक्टरकाकांकडे तीनदा गेला होता. हे त्यांचे घरचे डॉक्टर. दोघा भावांच्या गोवरापासून सगळी दुखणी त्यांनीच काढलेली. सुताराच्या पोटरीत सुरी खुपसल्यासारखी कळ आली, पाऊल गार पडलं, बोटं पांढरीफटक झाली. काका खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "नस आखडलीय. लाकडं उचलतोस, व्हायचंच," म्हणत त्यांनी दंडात सुई टोचली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सुतार म्हणाला, "काका, पाऊल गार तर आहेच, पण आता कळतही नाही." काका हसले. "मग बरंच झालं की! दुखायचं थांबलं."

दुसऱ्या दिवशी पाय काळा पडला. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनने तो हातात घेतला आणि मान हलवली. "रक्ताची गुठळी अडकलीय. घोट्यापाशी नाडी लागते का, एवढं बघायला एक मिनिट पुरतं. पहिल्याच दिवशी कळतं तर पाय वाचला असता." पाय मांडीतून कापावा लागला.

"मी कोर्टात जाणार," सुतार घरी आल्यावर म्हणाला.

"कोर्टात?" धाकटा भडकला. "निकाल लागेपर्यंत तो म्हातारा वरच्या कोर्टात पोचेल!"

तरी सुताराने वकीलबाई गाठल्या. त्यांनी नोटीस धाडली. पंधरा दिवसांनी काकांचं उत्तर आलं : पाऊल गार असल्याचं रुग्णाने कधीही सांगितलं नव्हतं.

दोघे वर्कशॉपमध्ये होते. धाकट्याने कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मोठा हातोडा उचलला.

"अरे थांब!" सुतार ओरडला. कुबड्या काखेत घेऊन निघेपर्यंत धाकटा गल्ली ओलांडून गेलाही होता.

सुतार दवाखान्यात पोचला तेव्हा बाहेरच्या बाकावरचे पेशंट रस्त्यावर आले होते. दाराची काच फुटून पसरली होती. आत धाकट्याने काकांचा उजवा हात टेबलावर दाबून धरला होता.

"हात लावायला जड जात होतं ना? घे मग!"

हातोडा उतरला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. काका गुरासारखे ओरडले. हातोडा पुन्हा वर गेला, आणि सुताराने सगळी ताकद एकवटून कुबडी भावाच्या मानेवर हाणली. धाकटा गर्रकन वळला. समोर कोण आहे हे न बघताच त्याने छातीवर ठोसा मारला. सुतार कापलेल्या मांडीवर कोसळला. जखम अजून भरलेली नव्हती. टाके उसवले आणि रक्ताची धार लागली.

"दादा!" धाकट्याच्या हातातून हातोडा गळला. तो नुसता बघत राहिला.

काका टेबलामागून सरपटत आले. चिरडलेला हात पोटाशी धरून डाव्या हाताने त्यांनी टॉवेल सुताराच्या मांडीवर दाबला. त्या पायाला त्यांनी हात लावला तो असा, पहिल्यांदाच.

पोलिसांनी धाकट्याला नेलं. महिन्याभराने काकांच्या वकिलाचा निरोप आला : तुम्ही दावा मागे घ्या, आम्ही मारहाणीची तक्रार मागे घेऊ.

सुतार तुरुंगात भेटायला गेला. जाळीपलीकडे धाकट्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता, पुढचे दोन दात नव्हते. आत कोणाशी काय झालं, ते त्याने सांगितलं नाही.

"घेतो मागे," सुतार म्हणाला. "तू घरी ये."

"दादा, मी आत्ता बाहेर आलो तर त्याचा दुसरा हात मोडेन. मला माहीत आहे ना मी कसा आहे ते." त्याने जाळीत बोटं अडकवली. "तू लढ."

परतताना सुताराला तो हाड मोडल्याचा आवाज आठवला. तो कानाला गोड लागला होता, याची त्याला लाज वाटली.

कोर्टात वकीलबाईंनी काकांना विचारलं, "पावलाला हात लावून पाहिलंत?"

काकांची बोटं वाकडी जुळली होती. "नाही."

"गार पडल्याचं तो म्हणाला होता?"

काकांचा वकील उठू लागला, तसं त्यांनी त्याला हातानेच बसवलं. "तिन्ही वेळा म्हणाला होता. नोटिशीला मी खोटं उत्तर दिलं."

काका दोषी ठरले. धाकट्याला त्याआधीच्याच आठवड्यात तीन वर्षांची शिक्षा झाली होती.

निकाल ऐकून सुतार बाहेर आला तर धाकट्याची बायको उभी. एरवी मोठ्या दिरापुढे आवाज न चढवणारी.

"जिंकलात ना, भाऊजी? फुटला का पाय नवा?" तिने सणसणीत थोबाडीत दिली. कुबडी घसरली, तो फरशीवर आपटला, ओठ फाटला. वकीलबाई धावल्या.

"मारू दे तिला," तो म्हणाला.

ती मारत राहिली, खांद्यावर, छातीवर, हात थकेपर्यंत. मग तिथेच बसून हमसून रडू लागली. सुतार तोंडातलं रक्त गिळत तिच्या शेजारी पडून राहिला. लोक वळसा घालून जात होते. उठावंसं त्याला वाटलं नाही.