सुईतला धागा

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या दुकानाची जुनी भिंत आहे. विटांची, जाड अंगाची आणि थोडी हट्टी. माझ्याजवळ बसून शिंपी कापड बेतायचा आणि त्याची बायको काज-बटणे करायची. ती जाऊन आता बरीच वर्षे झाली.

मग चक्रीवादळ आले. छप्पर उडाले, समोरची भिंत बसली. मी उभी राहिले, पण माथ्यापासून कमरेपर्यंत मला तडा गेला. गवंड्याने तड्यावर सिमेंटच्या पातळ आडव्या पट्ट्या लावल्या. "या तुटल्या, तर तडा वाढतोय असं समजायचं," तो म्हणाला.

शिंप्याची सून दुकानांच्या पाट्या रंगवायची. पडक्या गल्लीला जरा कळा यावी म्हणून तिने माझ्यावर सासूचे चित्र काढले, हातात सुई घेतलेले. तड्याचाच तिने पांढरा धागा केला. पट्ट्या मध्ये येत होत्या, त्या खरवडून टाकल्या.

लोक लांबून बघायला येऊ लागले. खोटे कशाला बोलू, मी फुगले. गवंडी पुन्हा आला आणि त्याने कपाळाला हात लावला. "माझ्या पट्ट्या कुठायत? आता तडा उकरून भरावाच लागेल."

"तिला हात लावायचा नाही," शिंपी म्हणाला. "वादळात तिचा एक फोटोसुद्धा राहिला नाही."

गवंडी निघून गेला. शिंपी रोज माझ्याच खाली मशीन मांडून बसे. तडा वाढत होता. मला ते कळत होते, पण सांगता येत नव्हते. ज्याने मला जपले, त्याच्याच डोक्यावर मी कोसळणार, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला.

एके सकाळी सून चहा घेऊन आली आणि थबकली. "बाबा, मी धागा काढला होता. हा दोर कसा झाला?"

शिंप्याने तड्यावर बोट ठेवले. ते आत गेले. त्याने मान वर करून चित्राकडे बघितले. मग मशीन बाहेर ओढत म्हणाला, "बोलव गवंड्याला. ती असती तर तिने मला इथून कधीच उठवलं असतं."

सुनेने धागा स्वतःच्या हाताने खरवडला. गवंड्याने तडा उकरून आडव्या सळ्या बसवल्या, सिमेंट भरले. शिंपी मागे उभा राहून सांगत होता, "टाके जवळजवळ घाल रे, उसवायला नको."

आता तिच्या सुईपुढे नुसता करडा पट्टा आहे. सून तो रंगवायला निघाली होती, शिंप्याने नको म्हटले. मित्रांनो, भिंतींवर चित्रे जरूर काढा, आम्हाला ती आवडतात. पण आधी आमचा तडा बघा, कारण आम्हाला हाक मारता येत नाही.

शिंपी पुन्हा माझ्याखाली बसतो. मशीन सुरू करण्याआधी तो रोज त्या करड्या पट्ट्यावरून एकदा बोट फिरवतो.