बंबवाल्यांची बोटभर ज्योत

काडी पेटली, ज्योत धरली, आणि सिस्टरांनी बटणावरचा अंगठा उचलल्याबरोबर विझली. सकाळपासून हेच चाललं होतं.

जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेल्यामुळे घरीदारी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, नवरासुद्धा. नवरा म्हणजे बंबवाले, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. दोघांनी हौसेनं ही घरगाडी, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली तेव्हा लेक म्हणाली होती, "आता डब्यात राहणार?" आणि आज तीच लेक नातीला घेऊन दुपारी यायची होती. फोनवर तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "गॅसबिस सगळं डोळ्यांनी बघेन. पटलं तर ठकी सुट्टीभर राहील. नाही पटलं तर परत नेईन, मग रुसायचं नाही."

ठकीला आजीनं गाडीतल्या ओव्हनमधल्या केकचं कबूल केलं होतं. सगळं मोजून तयार होतं आणि ओव्हनच्या तळाशी जी बोटभर ज्योत सतत जळायला हवी, ती पायलटची ज्योत काही टिकेना.

"अहो, जन्मभर लोकांच्या आगी विझवल्यात. एवढीशी ज्योत पेटवता येईना?"

"मला विझवायचा पगार मिळायचा, पेटवायचा नाही," बंबवाले म्हणाले.

सिस्टरांना हसू आलं नाही. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे त्यांनी ज्योतीजवळची धातूची कांडी तापेपर्यंत (ती तापली तरच बटण सोडल्यावर गॅस चालू राहतो) बटण दाबून धरलं, पार अंगठा बधिर होईस्तोवर. पण ज्योतच मुळात मरगळलेली होती, तिच्यानं कांडी काय तापणार! मग त्यांनी वरची शेगडी लावून पाहिली. तिचीही तीच गत. म्हणजे दुखणं ओव्हनचं नव्हतं, गॅसच पुरा पोचत नव्हता.

"तुम्ही सिलिंडर उघडता कसा, दाखवा बरं."

बंबवाले बाहेर गेले आणि मनगटाच्या एका हिसक्यात त्यांनी चावी सताड उघडली. बंबाचं पाणी सोडायचा हात तो, त्याला सावकाश ठाऊकच नव्हतं. त्यात आगीचं भय हाडीमांसी खिळलेलं, त्यामुळे जाता-येता ते सिलिंडर बंद करत आणि पुन्हा असाच हिसका देऊन उघडत.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, असा झटका बसला की नळी फुटली असं समजून आतला अडसर गॅस अडवतो. सिलिंडर जोडायला आलेला माणूस हेच सांगत होता. तुम्ही त्याला गोदामाच्या आगीची गोष्ट ऐकवत होतात."

"गोष्ट चांगली होती."

"मी सलाईन असं सोडलं असतं, तर एकही पेशंट घरी गेला नसता!"

त्यांनी सगळी बटणं बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. नाकानं खात्री करून घेतली आणि आतला अडसर मोकळा व्हावा म्हणून थोडा वेळ दोघं पायरीवर बसली. मग सिस्टरांनी स्वतः चावी फिरवली, अगदी हळूहळू. आधी शेगडी पेटवली. नळीतली हवा फुसफुसत गेली आणि निळीशार ज्योत उभी राहिली. मग पायलट. अंगठा दाबलेला, शेजारी गुडघ्यांवर बसून बंबवाले बॅटरी धरताहेत. खूप वेळानं सिस्टरांनी देवाचं नाव घेऊन अंगठा उचलला.

ज्योत जागची हलली नाही. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

लेक आली तेव्हा गाडीभर केकचा वास होता. ठकी थेट केकवर तुटून पडली. लेकीनं मात्र कपाटं उघडली, नळी पाहिली, कोपरान् कोपरा हुंगला. मग म्हणाली, "आता ओव्हन बंद करा, सिलिंडर बंद करा आणि पहिल्यापासून पेटवून दाखवा. आई, तू नाही. बाबा, तुम्ही."

सिस्टरांना नवऱ्याला खुणवायचीही सोय नव्हती. बंबवाले बाहेर पडले, त्यांच्या मागोमाग लेक. सिस्टर खिडकीला नाक लावून उभ्या राहिल्या.

बंबवाल्यांचा हात चावीवर गेला. थांबला. मग झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी त्यांनी चावी जराजराशी फिरवली. आत येऊन शेगडी लावली, पायलट लावला, अंगठा दाबून धरला आणि अलगद सोडला. ज्योत टिकली.

लेकीनं ज्योतीकडे पाहिलंही नाही. ती बापाच्या हाताकडे बघत होती.

"आई, मला गॅसची भीती नव्हती गं," ती म्हणाली. "बाबांच्या हाताची होती. इतक्या सावकाश त्यांना काही करताना मी आज पहिल्यांदा पाहिलं." आणि खाली बसून तिनं हुश्श केलं. "ठकीची बॅग माझ्या गाडीत आहे. सकाळीच भरली. ती परत न्यायला लागू नये, एवढंच वाटत होतं वाटभर."

"मी आणतो!" म्हणत बंबवाल्यांनी दाराकडे झेप घेतली.

"सावकाश!" मायलेकी एकदमच ओरडल्या.