रेघेखालची विनी

जुना कॉम्प्युटर ख्रिसमसनंतर जो बसला तो उठलाच नाही. म्हणून ऑरेस्ट वासिलिशिनने नवा घेतला आणि नसतं शुक्लकाष्ठ मागे लावून घेतलं. पडद्यावर जिथे सरळ रेघांची चौकट दिसायची, तिथे आता क्यू आणि एक्स या अक्षरांच्या रांगा लागल्या होत्या, साखरेला मुंग्या लागाव्यात तशा. आजच्याच दिवशी हे व्हायचं होतं. त्याची पडद्यावरची मैत्रीण विनी, तिला दुपारी एकला तिची मुलगी कायमचं न्यायला येणार होती.

शेवटी त्याने फर्नांडला फोन लावला. फर्नांड मंक्टनला राहतो, ऑरेस्टच्या यॉर्कटनपासून अर्ध्या कॅनडापलीकडे. त्याच्या तळघरात एक जुनं मशीन चोवीस तास चालू असतं आणि आपापल्या घरी बसलेली दहा-वीस म्हातारी माणसं त्यात शिरून गप्पा मारतात. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. तिथली रीत एकच: कुणी कुणाचा पत्ता विचारायचा नाही, फोन नंबर मागायचा नाही.

"रेघांच्या जागी क्यू येतंय? आणि खोडायला गेलं की?" फर्नांडने विचारलं.

"खोडत नाही. वर आणखी दोन चिन्हं उमटतात. मशीन वेडावून दाखवतंय मला."

"मशीन कशाला वेडावेल? तूच खुळ्यासारखं सेटिंग ठेवलंयस. अक्षरांचा संच बदल आधी. यूटीएफ-एट कर. मग खोडायच्या बटणाचा पर्याय आहे ना खाली, तो दुसरा घे. केलंस?"

"थांब की जरा. घोड्यावर बसून आलायस का?"

"कर्लिंगची मॅच आहे माझी. तुझ्यापायी बर्फावर उशिरा पोचलो तर टीम झाडू घेऊन मागे लागेल." कर्लिंग म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायचा आणि त्याच्या वाटेवर झाडू मारत पळायचं.

बाहेर पडून पुन्हा आत शिरल्यावर रेघा नीट उमटल्या. ऑरेस्टला इतकं बरं वाटलं की आभार मानायच्या आत त्याने फोन ठेवून दिला.

विनी आधीच येऊन बसली होती. पडद्याचे दोन भाग झाले: आडव्या रेघेच्या वर ऑरेस्टचं लिहिणं, खाली विनीचं. इथे पत्रासारखं लिहून मग पाठवायचं नसतं. एकेक अक्षर टाइप होताच समोरच्याला दिसतं, खोडलेलंही दिसतं. विनी 'बरी आहे' लिहायची, 'बरी' खोडायची आणि 'ठीक' लिहायची, आणि ऑरेस्टला कळायचं की आज गुडघा दुखतोय. बायको गेल्यापासून त्याच्या दिवसाला आकार होता तो एवढाच. विनी अमेरिकेतल्या मेन राज्यात कुठेतरी राहते एवढंच त्याला माहीत होतं. तिचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"सामान बांधून झालं," विनीने लिहिलं. "मुलीकडे ॲरिझोनात कॉम्प्युटर नाही. आणि डोळे आता साथ देत नाहीत रे."

"तिकडे ऊन तरी मिळेल," ऑरेस्टने लिहिलं. मनात होतं भलतंच. आज रीत मोडायची असं त्याने ठरवलं होतं, पण हात धजत नव्हते. त्याने दोन वाक्यं हवापाण्यावर लिहिली. मग कंट्रोल धरून एस दाबलं.

ही खोड ताजी होती. नव्या कॉम्प्युटरवर त्याने चर्चमधल्या पेरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांच्या, जेवणाचं निमंत्रण लिहिलं होतं, आणि जतन न केल्यामुळे सगळं उडालं होतं. तेव्हापासून दोन वाक्यं झाली की बोटं आपोआप तिकडे जायची.

पडदा थिजला. ऑरेस्टने अक्षर दाबलं, उमटेना. दुसरं दाबलं, तेही नाही. फर्नांडला फोन लावला, तर घंटा वाजत राहिली. तो बर्फावर झाडू मारत असणार.

तासाभरात ऑरेस्टने आणखी चारदा फोन लावून पाहिला. मग त्याने पुन्हा कीबोर्ड जवळ ओढला. पडदा मेला होता, आता भीती कुणाची? भिंतीशी बोलावं तसं तो टाइप करत गेला. "विनी, जाऊ नकोस. इथे ये. घरात मी एकटा आहे. सूप नेहमी जास्तच होतं. तू आलीस तर मला फार आवडेल." पडद्यावर यातलं एक अक्षर उमटलं नाही, म्हणूनच त्याला लिहिता आलं.

घड्याळात एक वाजायला आला. ती आता निघालीही असेल, निरोप न घेता, असं त्याच्या मनात आलं, आणि सकाळपासूनचा सगळा राग तिच्यावर निघाला. "गेलीस ना न सांगता?" त्याने त्या मेलेल्या पडद्यावर बडवलं. "जा मग. खुशाल जा."

फोन वाजला. फर्नांड होता.

"हरलो रे. तुझं काय? पुन्हा अडलं?"

"सगळं थिजलंय. कंट्रोल एस दाबलं, तेव्हापासून."

"एस कशाला दाबलंस?"

"जतन करायला."

फर्नांड खो खो हसला. "अरे बाबा, इथे त्याने पडदा थांबतो. आमच्या काळातली खोडी ती. कंट्रोल धरून क्यू दाब, सुटेल."

"आणि मी मधे जे टाइप केलं ते?"

"ते तर जातच होतं की. तुला फक्त दिसत नव्हतं. का रे?"

ऑरेस्टचं बोट क्यूवर थांबलं. मग त्याने दाबलं.

तुंबलेलं सगळं एकदम धावत आलं. वर त्याचे शब्द, आणि खाली, रेघेखाली, विनीचे:

"ऑरेस्ट."

"मला वाटलं तू कधी विचारणारच नाहीस."

"येईन. मुलीला सांगते. आधी तुझा फोन नंबर दे, रीत गेली खड्ड्यात."

"ऑरेस्ट, नंबर?"

"थांबलेय मी. गाडी दारात आलीय."

त्यानंतर वरच्या भागात त्याचं शेवटचं वाक्य होतं. खुशाल जा. आणि त्याखाली तिने 'थांब', मग ते खोडून 'बरं' लिहिलं होतं. सगळ्यात खाली मशीनचे शब्द: संपर्क संपला.

"काय म्हणाली?" फर्नांडने विचारलं.

"नंबर मागत होती. मी तिला जा म्हणालो." ऑरेस्टचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "फर्नांड, तुझ्याकडे तिचा फोन?"

"नाही रे. कुणाचाच नाही, ठाऊक आहे तुला." फर्नांड आता हसत नव्हता. "तिच्या नावाची टपालपेटी आहे मशीनवर. त्यात टाकून ठेव. कधी कुणाच्या घरून उघडलीच तर..."

ऑरेस्टने टपालपेटी उघडली. काय झालं ते लिहिलं, आणि खाली स्वतःचा नंबर, आकड्यांमध्ये जागा सोडून, तिच्या डोळ्यांना दिसावा म्हणून. पाठवून दिलं. फर्नांड अजून फोनवर होता.

"फोन ठेव, फर्नांड," तो म्हणाला. "लाइन मोकळी राहू दे."