अठरा खड्ड्यांची पळण

पहिला खड्डा

लवू घाड्याला गवताची किळस आली होती. मुंबईत एका क्लबाच्या गोल्फच्या मैदानावर तो अकरा वर्षं माळी होता. शंभर एकर हिरवळ, तीत अठरा खड्डे, आणि त्या खड्ड्यांत पांढरा चेंडू घालायला येणारे पाऊणशे साहेब. भिंतीपलीकडे एका खोलीत सोळा माणसं पाळीपाळीनं पाठ टेकायची. त्यांतली एक पाठ लवूची.

आता तो आचऱ्याला आला होता, गावपळणीला. देवानं कौल दिला की अख्खं गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडतं आणि तीन दिवस माडाच्या झावळ्यांच्या, झापांच्या खोपींत राहतं. गावात चूल पेटत नाही, कोणी पाऊल टाकत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल झाला की परत.

खोपीत भिकाजीमामांनी त्याला धरलंच.

"गवात कापूक मुंबैक गेलंस? हय गवात नाय होता?"

"तां बघूचा गवात, मामा. गुरांका नाय घालणत."

"आनि खड्डे कित्याक? माड लावतत?"

"चेंडू घालतत."

"घालून?"

"काढतत."

जानकीकाकीला हसून हसून ठसका लागला. मामांनी तिच्या पाठीत थापटलं आणि पुन्हा लवूकडे वळले.

"थंय रवता कोण?"

"कोण नाय."

"मगे पळणच ती. किती दिवसांची?"

"कायमची."

"देव कसलो रे तो, माणसांका परत बोलवणा नाय तो!"

दुसरा ते सहावा

तसेच. गवत.

सातवा

हा खड्डा भिंतीला लागून. गेल्या उन्हाळ्यात शहराचे नळ आटले, पण हिरवळीवर फवारे चालूच होते. वस्तीतल्या बाया भिंतीच्या भगदाडातून हंडे घेऊन यायला लागल्या. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "लवू, ही घाण मला इथं दिसता कामा नये."

मरियम नावाची एक बाई रोज यायची. चाललेल्या माणसाला वाट द्यावी तशी बाजूला व्हायची, हसायची. त्या दिवशी तिचा हंडा भरत आला होता. लवूनं लाथ मारली. हंडा घरंगळत खड्ड्यापाशी जाऊन थांबला. मरियम शिवी देईल, निदान रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं पोचा आलेला हंडा पदरानं पुसला आणि ती भगदाडातून निघून गेली.

सेक्रेटरी साहेब व्हरांड्यातून बघत होते.

दिवाळीनंतर लवूला त्यांची चिठ्ठी मिळाली. क्लबामागची खोली, स्वतःचा नळ, बायकोला आणायची परवानगी. रजा संपल्यावर सोमवारी सकाळी दहाला चिठ्ठी दाखवून किल्ली घ्यायची, नाहीतर खोली दुसऱ्या माळ्याला.

चौदावा

बायकोला, यशोदेला, दाखवायला लवूनं ती चिठ्ठी गावी आणली आणि घराच्या वाशांत खोचून ठेवली. पळणीच्या घाईत त्यानं कोंबड्या मोजल्या, बैल सोडले, उखळसुद्धा उचललं. चिठ्ठी राहिली.

शनिवारी चौथा दिवस. देवानं कौल दिला नाही. आणखी एक दिवस बाहेर. मालवणहून मुंबईची बोट रविवारी सकाळी.

"नऊ वर्सा झाली लग्नाक," यशोदा म्हणाली. "वर्साक एक म्हयनो. बोटांर मोजलंय मी. नऊ म्हयने. जा, आन ती. देवाक काय ता मी सांगतंय."

दुपारी सगळे पेंगत असताना लवू वेस ओलांडून आत गेला.

गावात काही हलत नव्हतं. झाडलेली अंगणं, बंद दारं. शेण नाही, धूर नाही, कोणाची हाक नाही. त्याचा श्वास सैल झाला. काय स्वच्छ दिसतंय, त्याच्या मनात आलं. देवळापुढचा उतार त्यानं डोळ्यांनीच मापला. इथं चौदावा बसेल. मामांचं घर तेवढं काढावं लागेल, गोठा तर…

घराच्या कडीला त्यानं हात घातला. तेवढ्यात शेजाऱ्यांची चुकून राहिलेली तलंग, कोवळी कोंबडी, अंगणात आली आणि झाडलेल्या मातीत पाय मारायला लागली. लवूचा पाय उचलला गेला. मारायलाच. तिनं अंगण खराब केलं होतं.

पाय हवेत असतानाच त्याला कळलं, की हा पाय आता आपल्याला विचारत नाही. माडाच्या बुंध्याला धरून तो ओकला, देवाच्या रिकाम्या गावात. मग कडीला हात न लावता मागं वळला.

अठरावा

"गावली?" यशोदेनं खोपीत विचारलं.

"घरात गेलंयच नाय."

"कित्याक?"

लवूनं तिला हंड्याचं सांगितलं, मरियमचं, लाथेचं. सगळं, एका दमात. यशोदेनं शेवटपर्यंत ऐकलं.

"ती लाथ मारलंस तेवा मारलंस," ती म्हणाली. "खोली घेतलंस नाय म्हणान तिचो हंडो भरतलो?"

"नाय."

"मगे माझी नऊ वर्सा खंय गेली?"

लवू तिच्याजवळ सरकला. ओकारीचा वास त्याच्या सदऱ्याला येत होता. ती दूर सरकली.

रविवारी सकाळी बोट सुटली असेल. संध्याकाळी कौल झाला, ढोल वाजले, माणसं ओरडत, गुरं हाकत गावात शिरली. पोरं अंगणात मुतली, चुली धुरावल्या. यशोदा डोक्यावर उखळ घेऊन सगळ्यांच्या पुढं चालली होती. लवूनं उखळ मागितलं. तिनं दिलं नाही.