कौलासाठी थांबलेला कागद

पार्वतीवयनी रोज सकाळी एकच विचारायची, "कागद दिलंस मां गो?" आणि विचारायची ती नेमकी माझ्या मौनाच्या वेळी.

आंघोळ, तुळशीला पाणी, मग वहीत एकशे आठ वेळा नाम लिहायचं, आणि ते पुरं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझा नेम. लग्न होऊन इब्रामपूरला आले त्या वर्षीपासूनचा. मी नुसती मान हलवायची. तिला त्यात हवं ते दिसायचं.

वयनी माझी थोरली जाऊ. मूलबाळ नाही, भावोजी जाऊन नऊ वर्षं झाली. पावणेदोन वर्षांमागे न्हाणीत घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी तिला वरच्या वाड्यावर माझ्याकडे आणली. तिचं घर खाली, ओहोळाच्या अलीकडे, भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत. तीन पिढ्या तिथे राहिलेली माणसं, पण जमीन दुसऱ्याची. घराला कुलूप होतं. संध्याकाळी तुळशीकडे दिवा मात्र मी रोज लावून यायची, तोही नेमच.

मेल्यावरची तिची इच्छा एवढीच होती : "माका थंयसून न्हेयात. ह्यांका न्हेलो त्या उंबऱ्यावरसून."

आणि मग सुदेश ती बातमी घेऊन आला. सुदेश माझा पुतण्या, आमदारांच्या कार्यालयात बसतो.

"काकी, नवीन विधेयक येता. दुसऱ्याच्या जमिनीतला घर वर्षाच्या वर बंद आसला, तर थंय रवणाऱ्याचो हक्क गेलो. आदी बंद आसल्ली वर्षांय धरतले."

"मग आता उघडून बसलं तरी?" मी विचारलं.

"उपेग ना. पूण सूचना घेतत. गुरुवारपर्यंत आमदारांक लिवून दी. दुखणायतांक सूट दी म्हण. तुजा अक्षर बरा, मी हातात नेऊन दितंय."

मी त्याच दुपारी लिहिलं. 'आदरणीय आमदारसाहेब, सप्रेम नमस्कार. हे घर टाकलेलं नाही. घरधनीण आजारी आहे. घरात भांडी आहेत, देव्हारा आहे, तुळशीपुढे रोज दिवा लागतो. आजारपणाने घर बंद राहिलं तर ते बंद धरू नये, एवढी ओळ कायद्यात घालावी.' खाली सही केली, सत्यवती.

सुदेश हात पुढे करून उभा. मी कागद पदराआड घेतला.

"आधी देवीला विचारते."

आमच्याकडे मोठं काम कौलाशिवाय होत नाही. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर थांब. माझं लग्न, मुलाची नोकरी, विहिरीची जागा, सगळं उजव्या पाकळीने ठरलं.

"देवी काय आमदाराक फोन करता काकी?" सुदेश हसला.

"करील. तुझ्यापेक्षा लवकर लागेल तिचा."

देवळात गेले तर शिवदास गुरवाच्या घरी सोयर. नातू झाला होता. पूजा दुसरा कोणी करून जात होता, पण कौल लावायचा मान गुरवाचाच, आणि अकरा दिवस त्याला गाभाऱ्यात पाय ठेवता येणार नव्हता. मी कागद वहीत ठेवला. म्हटलं, देवीच्या मनात असेल तर तारीख पुढे जाईल.

आज खरं लिहायचं तर, नुसती श्रद्धा नव्हती ती. भाटकार देवळाचा महाजन, देवळाचा कारभार त्याच्या हातात. त्याच्या विरुद्ध माझ्या अक्षरात कागद जाणार, माझी सही जाणार, याची धास्ती होती. देवीने हो म्हटलं असतं तर दोष तिच्यावर गेला असता. हे मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही.

गुरुवार गेला. बाराव्या दिवशी पाकळी पडली, उजवीच. मी धावत सुदेशकडे गेले. त्याने कागद घेतला, वाचला, घडी घालून परत दिला.

"काकी, सूचनांची फायल पणजीक गेली."

पुढच्या महिन्यात विधेयक मंजूर झालं. सुदेश सांगायला आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. "बोटीवर कामाक आसत त्यांका सूट दिली. त्यांच्या घरच्यांनी लिवलेला. दुखणायतांचा कोणीच लिवूंक ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत चाळीस वेळा नाम लिहून झालं असेल. आतून हाक आली, "कागद दिलंस मां गो?"

मी लेखणी ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मौन मोडलं.

"नाही वयनी. कौलासाठी थांबले. तारीख गेली. घर गेलं."

ती रडली नाही. मग म्हणाली, "देवीक इचारूक गेलंस. माका इचारूचा होता. मी हो म्हटलंय आसतां."

मी वहीत ठेवलेला कागद बाहेर काढला.

"वाच तो कागद."

मी वाचला. 'तुळशीपुढे रोज दिवा लागतो' इथे तिने डोळे मिटले. "बरो लिवलंस," एवढंच म्हणाली, आणि तेच मला सोसलं नाही.

घर बंद होतं हे नोंदवायला, पंचनाम्याला माणसं सोमवारी येणार आहेत. मी सुदेशला बोलावून सांगितलं, उद्या खुर्चीत बसवून वयनीला खाली न्यायचं. आहेत ते चार दिवस तिच्या घरात काढू. चूल मी पेटवीन.

"मगे सोमवारी?" तो म्हणाला.

"सोमवारी दारात मी बसेन."

"हक्क परत मेळचो ना, काकी."

"ठाऊक आहे."

जाता जाता तो वळला. "देवीक इचारलंस?"

"नाही," मी म्हटलं. "वयनीला विचारलं."