पिवळा चौकोन

दादाने माझा दात पाडला तो मंगळवार होता, आणि त्या दाताबद्दल माझी कुणाकडेही तक्रार नाही. कारखान्याच्या प्रथमोपचाराच्या खोलीत, दोन माणसांदेखत पाडला, आणि पाडताना त्याच्या स्वतःच्या हाताचे तीन टाके उसवले. लहानपणापासून त्याचे धपाटे खाऊन माझी पाठ तयार झाली होती. ठोसा मात्र हा पहिलाच.

आमच्याकडे एक मोठा रिॲक्टर आहे. त्यात रसायन हळूहळू सोडायचं असतं. वेगाने सोडलं की ते तापतं, आणि एकदा तापलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह किती टक्के उघडायचा ते सिम्युलेटर सांगतो, म्हणजे त्या रिॲक्टरची कॉम्प्युटरमधली नक्कल. ऑपरेटरला तो उघडत बसायला वेळ नसतो; अक्कलही नसते, असं साहेबांचं मत. म्हणून मी एक स्प्रेडशीट केली. ऑपरेटरने तिच्यात रिॲक्टर थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान टाकायचं, शीट ते सिम्युलेटरला देते, तो गणित करतो आणि उत्तर एका पिवळ्या चौकोनात येऊन बसतं. पिवळ्याला हाताने शिवायचं नाही, हा नियम. शीट आणि सिम्युलेटर यांच्यामधला सांधा सांभाळणं हीच माझी नोकरी. सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली की सांधा निखळतो, आणि मग आठवडाभर आम्ही एकमेकांचा जीव खातो. एकदा मी कीबोर्ड भिंतीवर आपटून त्याचे दोन तुकडे केले होते. आमच्या घराण्यात वडिलोपार्जित असं काही असेल तर तो राग.

दादा त्याच रिॲक्टरवर ऑपरेटर. "पिवळं दिसलं की मी डोळे झाकून उघडतो," असं तो सगळ्यांना सांगायचा. "माझ्या भावाचा आकडा आहे."

सांध्याला एक खोड होती. कधीकधी सिम्युलेटरला उत्तर सापडतच नाही. तेव्हा चौकोन रिकामा होत नाही, जुना आकडा तसाच राहतो. म्हणून मी लाल सूचना ठेवली होती: उत्तर नाही, व्हॉल्व्ह उघडू नका. नव्या आवृत्तीनंतर ती ऊठसूट यायला लागली, दिवसातून वीसदा, विनाकारण. ऑपरेटर वैतागले, साहेब माझ्यावर खेकसले. मी म्हटलं, दोन दिवस बंद ठेवतो, मूळ दुखणं शोधतो आणि पुन्हा चालू करतो. त्या दोन दिवसांचे अकरा झाले.

शनिवारी दुपारी ऊन नुसतं भाजत होतं आणि पाणी नेहमीपेक्षा गरम आलं. दादाने तापमान टाकलं. सिम्युलेटरला उत्तर सापडलं नाही. चौकोनात शुक्रवार सकाळचे चाळीस तसेच बसून होते. दादाने चाळीसवर उघडलं.

मी वरच्या मजल्यावर होतो. आधी जमीन हलली, मग माझ्या खिडकीची काच आत आली. धावत खाली गेलो तर रिॲक्टरचं झाकण एका बाजूने उचकटलं होतं आणि उकळतं रसायन भिंतीवर, जिन्यावर, माणसांवर फेकलं गेलं होतं. दादाचा जोडीदार, ज्याला आम्ही सगळे जाड्या म्हणायचो, पायरीवर गुडघे टेकून बसला होता. त्याच्या गालाची कातडी कॉलरवर उतरली होती. तो ओरडतही नव्हता. दादा त्याला ओढत पाण्याच्या फवाऱ्याखाली नेत होता, आणि दादाची स्वतःची डावी बाही जळून हाताला चिकटली होती. जाड्याचा एक डोळा गेला.

रविवारी सकाळी दादा डावा हात गळ्यात बांधून स्वयंपाकघरात बसला होता. वहिनीने पुढे ठेवलेलं ताट तसंच होतं.

"मी पिवळ्यावरच उघडलं रे," तो मला म्हणाला. "मग असं कसं झालं?"

मला तेव्हा सगळं माहीत होतं. सांधा आपल्या प्रत्येक उत्तराची नोंद ठेवतो, आणि ती मी शनिवारी संध्याकाळीच उघडली होती. शेवटचं खरं उत्तर: शुक्रवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. शनिवारच्या ओळीत लिहिलं होतं, उत्तर नाही.

"बघतो," मी म्हणालो. भेकड माणसाला तेवढा एक शब्द पुरतो.

सोमवारी ती ओळ मी साहेबांना दाखवली. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की, पाणी गरम असेल तर पंचवीसच्या वर जायचं नाही असा कागद भिंतीवर लावलेला आहे. ऑपरेटरने तो बघायला हवा होता. दादाची नोकरी जाईल, पण तसला माणूस कुठेही खपतो. तू गेलास तर तुला पुन्हा कुणी शीटला हात लावू देणार नाही. ती ओळ पुस आणि उद्या दुपारपर्यंत नोंद माझ्याकडे दे. याची मान धरून टेबलावर आपटावी असं फार वाटलं. हात खिशातच राहिले. संध्याकाळपर्यंत साहेबांनी पिल्लू सोडून दिलं होतं, आणि चूक दादाची हे कारखानाभर झालं.

मंगळवारी सकाळी मी ती ओळ निवडून बसलो होतो, बोट पुसायच्या बटणावर. तेवढ्यात गेटवर आरडाओरडा झाला. दादा जबाब द्यायला आला होता आणि जाड्याचे दोन भाऊ त्याची वाट बघत उभे होते. एकाने त्याला खाली पाडलं आणि भाजलेल्या हातावर लाथ घातली. दुसऱ्याकडे लोखंडी पाइप होता. त्याने पाठीत घातला, मग गुडघ्यावर, मग डोक्यावर नेम धरला तेव्हा दादाने उजवा हात मध्ये घातला आणि बोटांच्या पेरांवरची कातडी फाटली. वाकड्या नजरेने बघितलं म्हणून लोकांना कानफटवणारा माझा भाऊ, त्याने उलटा एक हात उगारला नाही. त्यालाही वाटत होतं की चूक त्याचीच. पाइपचे सात तडाखे मी मोजले. मध्येच त्याने मान वर केली. खिडकीला शनिवारपासून काच नव्हती. मी एक हाक मारली असती तर ती गेटपर्यंत गेली असती.

वॉचमन मध्ये पडले, भाऊ गेले, तेव्हा माझे पाय हलले. ती ओळ मी पुसली नाही. छापली आणि खाली गेलो.

कंपाउंडर दादाच्या हाताला टाके घालत होता, एक वॉचमन दाराशी होता. मी कागद दादाच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं: बंद केलेली सूचना, अकरा दिवस, साहेब. त्याने तो कागद दोनदा वाचला.

"तुला कधी कळलं?"

"शनिवारी."

त्याने कंपाउंडरला बाजूला सारलं आणि ठोसा मारला. मी कपाटावर जाऊन आदळलो. तोंडात रक्त आणि दात.

"शीट चुकली, ते समजतं मला," तो म्हणाला. "माणूस चुकतो. पण ते मला मारत होते तेव्हा तू खिडकीत उभा होतास."

तोच कागद, वर माझ्या रक्ताचे डाग, मी चौकशीत दिला. मग इस्पितळात जाऊन जाड्याच्या भावांनाही सांगितलं. त्यांनी आवारातच माझ्या दोन बरगड्या मोडल्या. मी हात उगारला नाही. तेवढं दादाकडून शिकलो होतो.

साहेबांना काढलं. मला तीन महिने घरी बसवलं आणि परत बोलावलं, कारण सांधा पुन्हा निखळला होता आणि वासरांत लंगडी गाय शहाणी. दादा रिॲक्टरवर परतला. घर मात्र त्याने वेगळं केलं. वहिनी कधीमधी आईला भेटायला येते, तो येत नाही.

आता उत्तर सापडलं नाही तर चौकोन रिकामा होतो. सापडलं तर शेजारी वेळही येते, आणि ती दादाच्या समोरच्या पडद्यावर ठळक दिसते. त्याला मला विचारायची गरज नाही. तरी प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह उघडण्याआधी माझा फोन वाजतो.

"आकडा आजचा आहे?"

मी नोंद उघडून बघतो. "आजचा आहे."

तो फोन ठेवतो. आठ महिन्यांत तो माझ्याशी याहून एक शब्द जास्त बोललेला नाही.